किल्ली कोणी दिली?



‘चूक चालवणाऱ्याची, बाप आणि बारवाल्याच्या मागे कशाला लागता?’ हा आपल्या पत्रलेखकाचा सवाल ऐकायला सडेतोड वाटतो. पण मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांना चिरडणारी पोर्श आठवा. चालवणारा अल्पवयीन, गाडीला नंबरप्लेटही नाही. आधी बारवाल्याचे बघू: महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे पूर्ण लागतात. ग्लास भरणाऱ्याने वय विचारायला नको? आणि किल्ली? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९-अ आले: अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड.

भरपाईचा दावा म्हणजे मढ्याच्या टाळूवरचे लोणी, असेही पत्रात सुचवले आहे. हे फारच झाले. कर्ता मुलगा गेलेल्या घराने मोटार अपघात न्यायाधिकरणात जाणे हा हक्क आहे. उलट तिथला दावा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर चालतो. दारू पाजून गल्ला भरणारा त्यातून सुटतो. त्यालाही भरपाईच्या वाट्यात धरावे, अशी माझी मागणी आहे. त्यामुळे चालकाची शिक्षा एका दिवसानेही कमी होत नाही.

– एक वाचक, कोथरूड, पुणे