दोष नकाशाचा नव्हे, शोधाचा

नकाशाच्या अ‍ॅपमध्ये जतन केलेल्या जागांत शोध घेतला की भलतेच निकाल वर येतात. त्याचे खापर ओपनस्ट्रीटमॅप या सामायिक नकाशाच्या माहितीवर फोडणारे निदान पटणारे नाही. जतन केलेल्या जागा त्या सामायिक नकाशात नसतातच. काही अ‍ॅपमध्ये त्या वापरणाऱ्याच्या फोनमधल्या जीपीएक्स फाइलीत असतात. तिथे प्रत्येक जागेला अक्षांश-रेखांशांबरोबर नाव, वर्णन, टिप्पणी असे वेगळे रकाने असतात. शोध नावापुरता न राहता सगळ्या रकान्यांत गेला की घोळ सुरू होतो. हरिश्चंद्रगडाच्या खिरेश्वर वाटेवरील एखाद्या जागेपुढे ‘उन्हाळ्यात पाणी नाही’ अशी नोंद असेल, तर ‘पाणी’ शोधताच नेमकी तीच जागा समोर येते. यंत्र अक्षरे जुळवते. ‘नाही’शी त्याला कर्तव्य नाही. (तहानलेल्या ट्रेकरला मात्र असते!) त्यात अंतराचा विचार नसेल, तर गडावरच्या माणसाला आधी कोकणातली विहीर दिसते. नावातील जुळणी आधी, वर्णनातील नंतर, एवढा क्रम अ‍ॅप बनवणाऱ्यांनी लावायला हवा. तोवर ट्रेकरांनी पाण्याच्या जागांचा वेगळा गट करावा आणि आटलेल्या टाक्यापुढे नुसते ‘कोरडे’ लिहावे.