टीव्ही आजोबांचा, शांतता नातवाची

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये संध्याकाळी फेरफटका मारला, तर पाठीला दप्तर अडकवलेल्या मुलामुलींचे घोळके जागोजागी दिसतात. डॉक्टरी, इंजिनिअरिंग, सरकारी नोकरी अशा नाना परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या क्लासेससाठी हा सेक्टर ओळखला जातो. क्लास सुटतो, मुले घरी येतात, पुस्तक उघडतात आणि नेमकी त्याच वेळी बाहेरच्या खोलीत मालिका सुरू होते.

पुढचा प्रसंग चंदीगडचाच असायला हवा असे नाही. नातू दार आपटतो, आई टीव्ही बंद करते आणि दिवसभरात तेवढाच विरंगुळा असलेले आजोबा मुकाट्याने आपल्या खोलीत जाऊन बसतात. अभ्यास होतो, पण एका माणसाची संध्याकाळ जाते.

या शहराची आखणी करताना ल कार्बुझिए यांनी सुमारे ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर पाडले आणि वेगवान रहदारी त्यांच्या बाहेरून नेली. रस्त्यावरचा गोंगाट असा दूर ठेवता आला, तरी घरातला आवाज घरच्यांनीच आवरायचा असतो. त्यासाठी टीव्ही बंद करण्याची गरज नाही, साधा हेडफोनही पुरतो.

खरेदीला जाण्याआधी टीव्हीची मागची व कडेची बाजू नीट पाहा. हेडफोनचे चिन्ह असलेले छोटे गोल छिद्र असेल, तर काम सोपे आहे. ३.५ मिलिमीटरची पिन खोचली की झाले. वायर सोफ्यापर्यंत पोहोचत नसेल, तर जोडवायर घ्या आणि ती भिंतीच्या कडेने न्या. वाटेत लोंबणारी वायर म्हाताऱ्या माणसाला पाडू शकते.

लाल आणि पांढरी अशी दोन आउटपुट छिद्रे असतील, तर लाल उजव्या कानासाठी, पांढरे डाव्या कानासाठी. जुन्या व्हीसीआरला आणि डीव्हीडी प्लेअरलाही ती असत. हेडफोन मात्र त्यांना थेट जोडू नका. आवाज क्षीण येतो आणि सहसा कमी-जास्तही करता येत नाही. मध्ये हेडफोनचा छोटा अॅम्प्लिफायर लागतो.

नव्या टीव्हीत अनेकदा गोल छिद्र नसते, पण ऑप्टिकल आउटपुट असते. त्याला डिजिटल आवाज साध्या आवाजात बदलणारी डबी जोडावी आणि टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ निवडावे. नाहीतर डबी जोडूनही हेडफोन मुकाच राहण्याची शक्यता असते.

ब्लूटूथमध्ये वायरची कटकट नाही, पण कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज व चित्राचा मेळ घालण्याची सोय आहे का, ते पाहावे.

हेडफोन लावला की बऱ्याच टीव्हींचा स्पीकर बंद होतो. काही टीव्हींत मात्र दोन्ही एकदम चालतात आणि हेडफोनचा आवाज वेगळा ठेवता येतो. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांसाठी ही सोय फार मोलाची. ते आपल्यापुरता आवाज वाढवतात, बाकीचे हळू आवाजात तीच मालिका सोबत पाहतात. खरेदीच्या वेळी हे आवर्जून विचारा.

आता थोडी सावधगिरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित आहे. आवाज ९० डेसिबलवर गेला, तर ही मर्यादा जेमतेम ४ तासांवर येते. म्हणून हेडफोन चढवण्याआधी आवाज कमी करून ठेवावा, मग हळूहळू वाढवावा. त्यातच दाराची घंटा आणि कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. घरात एकटे असताना एक कान मोकळा ठेवलेला बरा.

आणि आजोबा दर महिन्याला आवाज थोडा थोडा वाढवत असतील, तर हेडफोनवर थांबू नका. कानाच्या डॉक्टरांकडून श्रवणचाचणी करून घ्या. ज्याला आपण हट्ट समजतो, तो कित्येकदा बहिरेपणा असतो.

एवढे केले, तर परीक्षेच्या दिवसांतही आजोबांना आपल्या खोलीत जाऊन बसावे लागणार नाही.