केमिस्ट म्हणजे दुकानदार नव्हे!

मुंबईहून परत येणाऱ्या आपल्या माणसाची बॅग उघडली की तीन वस्तू हमखास निघतात : मलिद्यासाठी पोहे, घरचा मसाला आणि गोळ्यांच्या पट्ट्या. पोहे आणि मसाल्याबद्दल आमची काही तक्रार नाही. तक्रार आहे ती गोळ्यांबद्दल, आणि त्या गोळ्यांमागे दडलेल्या एका समजुतीबद्दल. औषध म्हणजे एक माल, तो विकणारा केमिस्ट म्हणजे दुकानदार आणि दुकानदाराने पैसे घ्यावेत, पुडी बांधावी, फाजील चौकशी करू नये, अशी ती समजूत आहे. आम्ही आज आयर्लंडमध्ये राहतो, पण ही समजूत लोदमध्ये आहे, अश्दोदमध्ये आहे, लंडनमध्ये आहे आणि ठाण्यात तर आहेच. ती चुकीची आहे, इतकेच म्हणून आम्ही थांबणार नाही. ती जीवघेणी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम आमच्याच घरातील गोष्ट सांगतो, म्हणजे दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवल्याचा दोष येणार नाही. आमची मावशी वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ठाण्याहून आमच्याकडे डब्लिनला कायमची राहावयास आली. हृदयाचे ठोके अनियमित पडत, म्हणून डॉक्टरांनी तिला रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन ही गोळी दिली होती. आम्ही चिठ्ठी घेऊन नेहमीच्या केमिस्टकडे गेलो. काउंटरमागे केरी परगण्यातील एक तरुण मुलगी होती. तिने गोळ्या हातात घेतल्या, पण दिल्या नाहीत. "आजी आणखी काय काय घेतात?" असे तिने विचारले. मावशीला हे मुळीच रुचले नाही. ती आम्हाला मराठीत म्हणाली, "वाण्याकडे तांदूळ आणायला गेलं तर तो विचारतो का, काल काय शिजवलं होतं म्हणून?" आम्ही हसलो आणि काही नाही म्हणून सांगितले.

मुलीने पुन्हा विचारले, "हिरड्यांतून रक्त येते का?" मावशी गप्प झाली. येत होते. दात घासताना आठवडाभर येत होते आणि तिने ते आम्हालाही सांगितले नव्हते. मग दुसऱ्या दिवशी मावशीची डबी घेऊन आम्ही परत गेलो. तिच्यात मुंबईहून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या होत्या. त्यांत आयब्युप्रोफेन होते. गुडघे दुखत म्हणून मावशी दिवसातून दोन वेळा ती गोळी घेत होती, आणि गोळीला ती औषध समजतच नव्हती. वॉरफरिनबरोबर आयब्युप्रोफेन घेतले तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्या मुलीने आमच्यासमोर डॉक्टरांना फोन केला, त्याच दिवशी रक्त तपासले गेले, आणि ते हवे त्याहून फारच पातळ निघाले. आठवडाभराने काय झाले असते, याचा विचार आम्ही अजूनही करवत नाही. मावशी आता त्या मुलीला "माझी कंपाउंडरीण" म्हणते.

हा शब्द मावशीच्या तोंडी सहज आला, कारण तिच्या पिढीने कंपाउंडर पाहिला आहे. लाल औषधाची बाटली, तिच्यावर डोसांच्या खुणांसाठी कातरून चिकटवलेली कागदाची पट्टी, "हलवून घ्या" ही सूचना आणि जाताना "तिखट खाऊ नका हं" ही ताकीद. आपल्या समाजाला डॉक्टरांचा मोठा अभिमान आहे, आणि तो रास्तच आहे. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळवणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड, ही नावे आपण मुलांना सांगतो. पण त्याच काळात किती बेने इस्राएल घरांतील माणसे दवाखान्यात औषधे मोजीत, गाळीत आणि घोटीत उभी राहिली! त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव आपण मुलांना सांगतो काय? डॉक्टर देव आणि कंपाउंडर नोकर, हा भेद आपण मुंबईतच शिकलो आणि बॅगेत घालून परदेशी आणला.

वास्तविक आपल्याला हे कळायला हवे होते. कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले जात. गिऱ्हाईक तेल्याकडे जाते ते तेल घ्यायला, पण त्याच्यावर विश्वास ठेवते तो माप आणि निर्भेळपणा यांच्यासाठी. हिब्रूत फार्मासिस्टला रोकेआख म्हणतात. हा शब्द तोरामधला आहे, आणि शेमोतच्या ३० व्या अध्यायात अभिषेकाचे तेल सिद्ध करण्याचे प्रत्येक द्रव्य माप सांगून दिले आहे. मापात चूक चालत नाही, ही जाणीव आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

आता आयर्लंडकडे वळू. या देशात १७९१ साली औषधे तयार करणाऱ्यांची अपॉथेकरीज हॉल ही संस्था कायद्याने स्थापन झाली, आणि १८७५ साली फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ आयर्लंड. ज्यांनी 'युलिसीस' वाचले आहे त्यांना आठवेल, की त्यातील लिओपोल्ड ब्लूम हा ज्यू बापाचा डब्लिनकर लिंकन प्लेसवरील स्वेनी नावाच्या केमिस्टकडे बायकोसाठी लोशन करून घ्यायला जातो. कृती त्याला आठवत नाही. केमिस्ट आपल्या वहीची पाने मागे उलटून ती शोधतो. ही कादंबरीतील गोष्ट १९०४ सालची. ते खरे दुकान २००९ पर्यंत फार्मसी म्हणून चालले. पण त्या वहीत सगळे सार आहे. गिऱ्हाईक विसरते, केमिस्ट लिहून ठेवतो. ज्याच्याकडे वही आहे, तो दुकानदार नव्हे.

आज ती वही कायद्याने सक्तीची आहे. २००७ च्या फार्मसी कायद्याने आणि २००८ च्या नियमांनी प्रत्येक फार्मसीत जबाबदार फार्मासिस्ट असावा लागतो, औषध देण्यापूर्वी रुग्णाची इतर औषधे विचारात घ्यावी लागतात, आणि बोलण्यासाठी आडोशाची जागा ठेवावी लागते. आमच्या मावशीला जो प्रश्न आगाऊपणाचा वाटला तो त्या मुलीचे कर्तव्य होते. तो न विचारणे हाच गुन्हा ठरला असता.

आम्हाला सर्वांत जास्त राग येतो तो कोडीनच्या गोळ्यांवरून. २०१० पासून येथे कोडीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या दर्शनी कपाटात ठेवता येत नाहीत. मागितल्या तर केमिस्ट चार प्रश्न विचारतो आणि तीन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका म्हणून बजावतो. पॅरासिटामॉल किराणा दुकानात १२ गोळ्यांच्या पाकिटात मिळते, फार्मसीत २४ च्या. पाहुणे येतात आणि म्हणतात, "काय हा देश! डोकं दुखलं तरी परवानगी?" आम्ही म्हणतो, होय, कारण कोडीन हे अफूच्या कुळातले आहे आणि त्याचे व्यसन लागते. पॅरासिटामॉलचा जादा डोस यकृत निकामी करतो. ज्या घरात कोणी निराशेच्या क्षणी हात कपाटाकडे नेते, त्या घरात १२ गोळ्या आणि १०० गोळ्या यांत एका जन्माचे अंतर असते.

कोणी म्हणेल, मुंबईत इतकी वर्षे चिठ्ठीशिवाय औषध घेतले, काय बिघडले? फार बिघडले. १९८६ साली जे. जे. हॉस्पिटलमध्ये भेसळीचे ग्लिसरीन देण्यात आले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. खरेदीपासून रुग्णाच्या ओठांपर्यंत जी साखळी होती, तिच्यात ते विष वेळेवर कोणी अडवले नाही. भारतात १९४८ पासून फार्मसी कायदा आहे, पण भिंतीवर ज्याचे प्रमाणपत्र टांगलेले आहे तो माणूस दुकानात नसतो, हे कित्येक गल्ल्यांत आपण सर्वांनी पाहिले आहे. अनेक अँटिबायोटिकांसाठी २०१४ पासून शेड्यूल एच-वनची वेगळी नोंदवही सक्तीची झाली, ती उगाच नव्हे. अर्धवट घेतलेली अँटिबायोटिके जंतूंना मारीत नाहीत, शहाणे करतात.

आयर्लंडनेही आपली शिक्षा भोगली आहे. थॅलिडोमाइड हे औषध जर्मनीत नोव्हेंबर १९६१ अखेर मागे घेतले गेले, तरी येथे ते पुढच्या वर्षातही कपाटांत राहिले. गरोदर स्त्रियांनी ते घेतले आणि मुले हातापायांविना जन्मली. १९६६ साली येथे राष्ट्रीय औषध सल्लागार मंडळ आले. औषध कपाटात ठेवणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर कपाटातून काढणे. आणि काढणारा हात केमिस्टचाच असतो.

येथवर आम्ही आपल्या लोकांना बोललो. आता सरकारला. या देशात सुमारे १,९०० फार्मसी आहेत. ज्या गावात डॉक्टरची वेळ मिळायला दिवस लागतात, तेथेही हिरव्या क्रॉसखाली शिकलेला माणूस वेळ न ठरवता भेटतो. २०११ पासून फार्मासिस्ट फ्लूची लस टोचतात, २०२१ मध्ये त्यांनी कोविडची टोचली. १ मार्च २०२४ पासून काही अटींवर चिठ्ठीची मुदत ६ महिन्यांवरून १२ महिन्यांपर्यंत वाढवण्याचा अधिकार त्यांना मिळाला. त्याच वर्षी सरकारच्याच तज्ज्ञ गटाने सुचवले, की डोळे येणे, नागीण, तोंडातील बुरशी, परागकणांची सर्दी, लघवीची साधी जळजळ अशा आठ तक्रारींवर फार्मासिस्टने ठरलेल्या नियमांनुसार औषध द्यावे. हे सर्व चांगले आहे. पण २००९ च्या कपातीने काय केले होते? फीचे कोष्टक दर नगाला ५ युरोपासून ३.५० युरोपर्यंत उतरते ठेवले. म्हणजे जितक्या डब्या जास्त, तितका भाव कमी. त्या मुलीने आमच्या मावशीसाठी अर्धा तास घालवला. त्या हिशेबात डबी दिसते, अर्धा तास दिसत नाही. नगावर पैसे मोजाल तर माणसे नगच मोजतील. काम वाढवताना वेळेचे मोल न देणारे सरकार केमिस्टला दुकानदारीकडे ढकलते, आणि मग तोच दुकानदार आहे म्हणून हिणवते.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. काही डॉक्टर म्हणतात, जो औषध विकतो त्यानेच ते ठरवू नये, कारण त्यात स्वार्थ आहे. हा आक्षेप खोटा नाही. आयरिश फार्मसीत अर्धी जागा अत्तरे आणि लिपस्टिकने अडवलेली असते, हेही आम्ही पाहतो. म्हणूनच नियम लिखित असावेत, नोंद डॉक्टरकडे जावी आणि निरीक्षक येऊन वही तपासावी. पण स्वार्थाची भीती वाटते म्हणून पाच वर्षे शिकलेल्या माणसाला पुड्या बांधायला बसवणे हा उपाय नव्हे. स्वार्थ तर डॉक्टरच्या फीतही असतो. त्यावर आपण नियम केले, डॉक्टरकी बंद केली नाही.

तेव्हा समाजबंधूंनो आणि भगिनींनो, आमचे सांगणे थोडके आहे. जेथे असाल तेथे एकच केमिस्ट धरा, स्वस्ताईसाठी चार दुकाने फिरू नका. कारण चार वह्यांत विखुरलेले आजारपण कोणालाच वाचता येत नाही. घरातील म्हाताऱ्यांची सगळी औषधे, मुंबईची, आयुर्वेदाची, शेजारणीने दिलेली, एका पिशवीत घालून त्याच्यासमोर ठेवा. इस्राएलमध्ये कुपत होलिमच्या फार्मसीत भाषेची अडचण असेल तर मुलाला किंवा नातीला बरोबर न्या, पण प्रश्न टाळू नका. तो विचारील तेव्हा "काही नाही" हे उत्तर देऊ नका. ते उत्तर आम्ही दिले होते, आणि एका परक्या मुलीने ते मान्य केले नाही म्हणून आमची मावशी आज पुढच्या मलिद्याची तयारी करीत आहे.

आणि पुढच्या खेपेला मुंबईहून येताना बॅगेत पोहे जरूर आणा, आमच्यासाठी दोन किलो जास्त आणा. गोळ्या मात्र तेथेच राहू द्या. अगदीच आणल्यात, तर त्या आधी आपल्या केमिस्टला दाखवा.