जाडीचा मोह आणि धारेचे काम

'हेवी ड्यूटी' असे भारदस्त विशेषण लावून अलीकडे जे मिटते चाकू विकले जातात, ते हाती घेणाऱ्याची पहिली नजर पात्याच्या जाडीवर जाते, दुसरी मुठीच्या वजनावर आणि तिसरी निर्मात्याच्या नाममुद्रेवर. धारेपर्यंत ती पोहोचतेच असे नाही. चार मिलिमीटर जाडीचे पाते, त्यावर काळा लेप, खडबडीत केलेली मूठ, खिशाच्या काठाला अडकवण्याची चिमटी, आणि या सर्वांवर कळस म्हणून हा चाकू वाटेल त्या प्रसंगाला पुरून उरेल असे अभिवचन, एवढी सामग्री जुळली की गिऱ्हाईक किमतीची घासाघीस करण्याच्याही भानगडीत पडत नाही. माझे मत या रुचीच्या विरुद्ध आहे. जो चाकू मिटतो आणि रोज खिशात राहतो, त्याने उत्तम कापावे, आणि कापताना वापरणाऱ्याच्या बोटांवर मिटू नये, एवढीच अपेक्षा रास्त होय; उचकटणे, फोडणे आणि ठोकणे ही कामे त्याच्या गळ्यात बांधली म्हणजे काम बिघडते, चाकू बिघडतो, आणि कालांतराने चाकू या वस्तूविषयी सरकारदरबारचे मतही बिघडते.

चाकू जवळ बाळगण्याची रीत आपल्याकडे नवी नव्हे. बोरूने लिहिण्याच्या काळी दप्तरातल्या कारकुनाजवळ बोरू तासण्यासाठी कलमतराश असे. आणि कोकणात आंब्याचे कोय कलम बांधणाऱ्याच्या हाती आजही जो चाकू दिसतो तो लहान, पातळ पात्याचा आणि अत्यंत तीक्ष्ण असतो, कारण खुंटाचा आणि कलमकाडीचा काप गुळगुळीत नसेल तर दोहोंचा सांधा जुळत नाही आणि कलम मरते. हे दोन्ही चाकू रोजच्या आणि कसोटीच्या कामाचे; परंतु त्यांच्या मालकांना पात्याच्या जाडीचा अभिमान बाळगण्याची गरज कधी वाटली नाही.

हीच गोष्ट युरोपात अधिक स्पष्टपणे दिसते. फ्रान्समधील सॅव्हॉय या डोंगराळ प्रांतात 1890 साली जोसेफ ओपिनेल याने शेतकऱ्यांसाठी एक साधा मिटता चाकू घडवला, आणि 1897 पर्यंत त्याचे 1 ते 12 अशा क्रमांकांचे आकार ठरवून टाकले. लाकडी मूठ, एक पाते, एक खीळ आणि लोखंडी कडे, याहून अधिक त्यात काही नव्हते. 1955 साली त्यावर फिरणाऱ्या कड्याचा खटका बसवण्यात आला, तो फिरवला की उघडलेले पाते जागच्या जागी अडून राहते. यातला 8 क्रमांकाचा चाकू आजही सर्वाधिक परिचित असून, त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटरहूनही कमी जाड, आणि सबंध चाकूचे वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास आहे. पाव, चीज, दोर, चामडे, फांदी, असे डोंगरातल्या माणसाच्या हाती दिवसभरात जे येते ते सर्व हा चाकू कापतो; परंतु त्याने डब्याचे झाकण उचकटावे असा विचार त्या शेतकऱ्याच्या मनात येत नाही.

अमेरिकेतील जड कामाच्या मिटत्या चाकूंचा मूळपुरुष म्हणून ज्याचा उल्लेख करावा लागेल, तो बक कंपनीचा 110 क्रमांकाचा चाकू 1964 साली कॅलिफोर्नियात बाजारात आला. शिकाऱ्याला कमरेला लांब म्यान लटकवून फिरणे नको असते, पण जनावर सोलण्याइतके भक्कम पाते तर हवे असते, या अडचणीवरचा तो तोडगा होता. त्याचे पाते साडेनऊ सेंटिमीटरचे, मुठीला दोन्ही टोकांस पितळेच्या टोप्या, आणि पाठीकडच्या कमानीतच बसवलेला खटका. वजन दोनशे ग्रॅमच्या घरात. म्हणजे ओपिनेलपेक्षा पाते एक सेंटिमीटरने लांब आणि वजन चौपट. असे असूनही हा चाकू सुरेख कापतो, कारण त्याचे वजन मुठीत आणि खटक्यात आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना मात्र खोलगट घासून धारेकडचा भाग पातळ ठेवला आहे. भक्कमपणा सांध्याला आणि पातळपणा धारेला, ही वाटणी ज्याने केली त्याला चाकूचे मर्म कळले होते असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुढच्या पिढीतील कारागिरांनी आपली सारी बुद्धी खटक्यावर खर्च केली. मायकेल वॉकर याने 1980 च्या सुमारास मुठीच्या आतील पातळ पत्र्यालाच बाक देऊन तो उघडलेल्या पात्याच्या बुडाशी येऊन अडेल अशी योजना रूढ केली. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस रीव्ह याने 'सेबेन्झा' या चाकूत पत्र्याऐवजी मुठीची सबंध टायटॅनियमची बाजूच खटक्याच्या कामी लावली. 'बेंचमेड' कंपनीच्या चाकूत दोन बारीक कमान्यांच्या जोरावर पुढेमागे सरकणारी आडवी दांडी पात्याला अडवते. आणि अँड्र्यू डेम्को याने 'कोल्ड स्टील' कंपनीसाठी रचलेल्या खटक्यात पाते आणि पाठीची अडसर यांच्यामध्ये एक पोलादी खीळ ठेवून आघाताचा भार तिच्यावर टाकला आहे. या चारही योजनांत मला शेवटची बळाच्या दृष्टीने सर्वांत श्रेष्ठ वाटते, रीव्हची घडणीच्या नेटकेपणात, बेंचमेडची वापरण्याच्या सोयीत, आणि वॉकरची स्वस्ताईत. परंतु पत्रा पातळ असला आणि त्याची टेकण्याची जागा चोख घासलेली नसली, तर वॉकरच्या प्रकारचा खटका दगा देण्याचा संभव सर्वांत अधिक, हेही सांगितले पाहिजे.

येथवर सर्व ठीक आहे. खटका हा बोटांच्या रक्षणासाठी असतो: पात्याचे टोक लाकडात रुतले असता हात पुढे रेटला गेला, किंवा पाठीवर अवचित दाब आला, तर पाते मिटून बोटे कापली जाऊ नयेत, हे त्याचे प्रयोजन. परंतु व्हाइसमध्ये पाते आवळून मुठीला वजने टांगण्याचे प्रयोग जाहिरातीत दिसू लागले, आणि घेणाऱ्याच्या मनात हळूहळू अशी समजूत रुजली की जो खटका एवढा भार सोसतो त्याचा चाकू म्हणजे खिशात मावणारी पहारच. ही समजूत यंत्रशास्त्राच्या साध्या नियमापुढे टिकत नाही. मिटत्या चाकूच्या पात्याचे टोक बिजागरीच्या खिळेपासून नऊ सेंटिमीटरवर असते, आणि खटका पात्याला जेथे टेकतो ती जागा त्याच खिळेपासून जेमतेम आठनऊ मिलिमीटरवर. तेव्हा टोकाच्या पाठीवर 20 किलोंचा भार आला तर खटक्याला 200 किलोंच्या आसपास भार सोसावा लागतो. आडव्या जोराची गोष्ट तर याहूनही वाईट, कारण फळी उचकटताना जो पीळ पडतो तो रोखण्यासाठी खटक्याचा काडीमात्र उपयोग नसून, सर्व भार एका खिळेवर आणि तिच्या दोन बाजूंच्या चकत्यांवर येतो. ताठ पात्याच्या सुरीत किंवा आपल्या कोयत्यात पात्याचे बूड मुठीत खोल शिरलेले असते. मिटत्या चाकूत त्या जागी पोकळी असते, आणि ती तशी नसेल तर चाकू मिटणारच नाही. अशक्तपणा हा येथे दोष नसून रचनेची अटळ किंमत आहे.

ही किंमत पाते जाड करून फेडता येईल, असे निर्मात्यांनी मानले. जाडी दुप्पट केली तर वाकण्यास होणारा प्रतिकार आठपट होतो हे खरे. पण वाकण्याचा प्रसंग चाकूच्या आयुष्यात क्वचित येतो आणि कापण्याचा रोज. पातळ पात्याखाली सफरचंद कापले जाते, जाड पात्याखाली ते तडकते. जाड पुठ्ठ्यातून पातळ पाते सरळ निघून जाते, तर जाड पाते मध्येच अडते आणि मग वापरणारा जोर लावतो. अपघात होतो तो या जोराने. ज्या हत्याराला अधिक बळ लावावे लागते ते हातून अधिक निसटते, हे स्वयंपाकघरात विळीपुढे बसणाऱ्या प्रत्येक स्त्रीला ठाऊक आहे. मात्र पाच हजार रुपयांचा चाकू घेणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

पोलादाविषयीही असाच मोह दिसतो. अमेरिकेतील क्रूसिबल कारखान्याने 2001 साली खास चाकूंसाठी जे एस 30 व्ही नामक पोलाद तयार केले, त्यात कार्बन दीड टक्क्याच्या घरात आणि व्हॅनेडियम 4 टक्के असल्याने त्याची धार दीर्घकाळ टिकते. उलट बकच्या चाकूतील 420 एच सी पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याहून कमी. कागदावर पहिल्याचा विजय निर्विवाद आहे. परंतु व्हॅनेडियम कार्बाइडचे कण साध्या धारेच्या दगडाहून कठीण असल्यामुळे ती धार एकदा गेली की हिऱ्याच्या भुकटीच्या पट्टीवाचून परत येणे दुरापास्त, आणि दुसऱ्याची धार लवकर मावळली तरी कोणत्याही दगडावर पाच मिनिटांत उभी राहते. शिवाय पोलादाच्या घटकांइतकेच महत्त्व त्याला पाणी देण्याच्या कौशल्याला असते: पाणी नीट दिलेले मध्यम पोलाद, पाणी बिघडलेल्या उंची पोलादाहून नेहमीच सरस ठरते. आपल्या हवेत आणखी एक विचार करावा लागतो. साध्या कार्बन पोलादाच्या पात्यास कोकणच्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबेरा चढतो, तेव्हा समुद्राकाठच्या माणसाने क्रोमियमयुक्त पोलादाला पसंती द्यावी, आणि घाटावरच्या माणसाने पाते पुसून तेलाचा हात फिरवण्याची सवय असेल तर कार्बन पोलाद बेलाशक घ्यावे.

मिटत्या चाकूला जड कामासाठी खटका हवाच, असेही इतिहास सांगत नाही. स्वित्झर्लंडमध्ये श्विट्झ प्रांतातील इबाख गावच्या कार्ल एल्सनर याने 1891 साली आपल्या देशाच्या सैन्याला चाकू पुरवण्यास प्रारंभ केला, आणि त्या दिवसापासून शंभराहून अधिक वर्षे स्विस शिपाई पात्याला खटका नसलेला चाकू वापरीत होता. त्याच्या चाकूत डबा उघडण्यासाठी निराळे पाते होते, मळसूत्र फिरवण्यासाठी निराळे, भोक पाडण्यासाठी आर निराळी. म्हणून कापण्याचे पाते कापण्यापुरतेच राहिले आणि टिकले. कामांची ही विभागणी हाच खरा दणकटपणा. खटक्याचे पाते त्या सैन्याने 2008 साली स्वीकारले.

योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीने कायदा दुरुस्त करून, एका हाताने उघडणारा आणि खटक्याने अडणारा चाकू सबळ कारणावाचून सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास मनाई केली. इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यात तीन इंचांपर्यंत धारेच्या मिटत्या चाकूस सवलत आहे, परंतु तेथील न्यायालयांनी खटक्याचा चाकू या सवलतीबाहेर काढला. म्हणजे बोटे वाचवणारी योजनाच तेथे गुन्ह्याची खूण ठरली. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्रांत मोडतात, आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई हुकूम जारी झाला की तलवार, भाला, लाठी यांच्या पंक्तीत चाकूही जाऊन बसतो. रामपूरच्या चाकूचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. कारागिरीसाठी नावाजलेला हा चाकू हिंदी चित्रपटांनी खलनायकाच्या हाती दिला, त्याची कीर्ती गुन्ह्याशी जोडली गेली, आणि उत्तर प्रदेश सरकारने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात साडेचार इंचांहून लांब पात्यांवर निर्बंध घातले तेव्हा सर्वांत अधिक झळ लागली ती ते घडवणाऱ्या हातांना.

म्हणूनच हत्याराला शस्त्राचा वेष चढवण्याची आजची हौस मला निरुपद्रवी वाटत नाही. काळे पाते, कवटीचे चिन्ह आणि 'टॅक्टिकल' हे बिरुद यांनी चाकू रतीभरही अधिक कापत नाही. पण नाक्यावरच्या अंमलदाराला त्याकडे संशयाने पाहण्यास कारण मात्र मिळते, आणि उद्या कायदा अधिक कडक झालाच तर त्याचा भुर्दंड कलम बांधणाऱ्याला, सुताराला आणि विजेच्या तारा सोलणाऱ्यालाही भरावा लागेल. कायदे करणाऱ्यांनी खटक्याकडे न पाहता बाळगणाऱ्याच्या हेतूकडे पाहावे हे खरे, तथापि वापरणाऱ्यांनीही हेतू दिसेल अशी वस्तू निवडावी.

तेव्हा रोजच्या आणि श्रमाच्या कामासाठी मिटता चाकू घेणाऱ्याला माझा सल्ला असा: पाते सातपासून साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत लांब, पाठीशी तीन मिलिमीटरहून जाड नाही आणि धारेकडे होता होईल तितके पातळ, उघडल्यावर पाते आडवे हलत नाही ना आणि खटका पूर्णपणे बसतो ना, याची हाताने खातरजमा केलेली, आणि पोलाद असे की त्याची धार आपल्याला आपल्या घरी लावता येईल. बक आणि ओपिनेल या दोहोंतून एकच घ्यायचा झाला, तर उघड्यावर राबणाऱ्याने बक घ्यावा आणि इतर सर्वांनी ओपिनेल. पहारीचे काम निघाले तर पहार आणावी, आणि फांदी तोडायची झाली तर कोयता. या दोन जुन्या चाकूंहून चौपट किमतीचे जे चाकू आज मिरवतात, त्यांत घडणीचे सौंदर्य आहे, खटक्याची चातुरी आहे, संग्राहकाने ते हौसेने घ्यावेत; पण त्यांनी काम अधिक चांगले होते, हे मात्र दुकानदाराने सिद्ध करून दाखवल्याखेरीज मानू नये, आणि त्या सिद्धीसाठी वजने टांगण्याऐवजी त्याच्यापुढे एक पिकलेला टोमॅटो व हातभर सुंभ ठेवावा.