जाळी कोण विणतं?

आमच्या बैठकीत बायकांच्या उत्पन्नाच्या कामाचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं – 'पुन्हा बाईच्या हातात सुईदोराच का?' मी स्वतःही ते कितीदा बोलले आहे. त्यामुळे या अंकात लेसवर लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते, कारण लेसच्या जाळीने मला माझी एक जुनी चूक दाखवली.

आधी काम कसं चालतं ते सांगते. बॉबिन लेस सुईने किंवा क्रोशाने होत नाही. घट्ट भरलेल्या उशीवर टोचे मारलेला नक्षीचा कागद लावायचा. दोरा लाकडी बॉबिनींवर गुंडाळलेला, आणि बॉबिनी जोडीजोडीने चालवायच्या. हालचाली फक्त दोन: एक दोरा दुसऱ्यावरून ओलांडायचा आणि जोडीला पीळ द्यायचा. मग टाचणी टोचून वीण जागेवर धरायची. टोर्शन नावाच्या अगदी साध्या जाळीत ओलांडा, दोन्ही जोड्यांना पीळ, टाचणी, पुन्हा ओलांडा, पुन्हा दोन पीळ. एका टाचणीमागे सहा हालचाली. मध्यम विणीत चौरस सेंटिमीटरला आठेक टाचण्या येतात. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जाळीला पन्नासेक हालचाली. आणि बघणारा म्हणतो, 'फूल काय सुरेख आलंय!'

जाळी ही अशी, फुलाच्या मागे राहणारी. अठराव्या शतकात ब्रसेल्सच्या लेसमध्ये तर फुलं विणणाऱ्या बायका वेगळ्या, जाळी विणणाऱ्या वेगळ्या आणि जोडणाऱ्या वेगळ्या होत्या. जाळीच्या अरुंद पट्ट्या विणायच्या आणि त्या एकमेकींना अशा जोडायच्या की जोड दिसताच कामा नये. जोडणारीचं कौशल्य जितकं मोठं, तितकी ती अदृश्य! तागाचा दोरा इतका नाजूक की कोरड्या हवेत तुटायचा, म्हणून ओलसर खोल्यांत बसून काम चाले. इंग्लंडमध्ये संध्याकाळी एका मेणबत्तीभोवती पाण्याने भरलेले काचेचे गोल ठेवून त्यातून येणाऱ्या उजेडात अनेकजणी विणत. पाच-सहा वर्षांच्या मुलींना लेसच्या शाळेत बसवत. शाळा नावालाच.

१८०९ मध्ये जॉन हीथकोटने यंत्राचं पेटंट घेतलं. उशीवर विणणाऱ्या बाईच्या हालचाली नीट पाहून त्याने त्या यंत्रात उतरवल्या. यंत्राने आधी उचलली ती जाळीच. फुलं काही काळ हाताने होत राहिली आणि यंत्राच्या जाळीवर टाकली जाऊ लागली. बाईच्या हातातलं ज्ञान पेटंट होऊन गेलं. ज्या बाईला पाहून हे झालं, तिचं नाव पेटंटवर असण्याचा प्रश्नच नव्हता.

ही लेस आपल्या देशातही आली. १८१९ मध्ये मार्था मॉल्ट मिशनरी नवऱ्याबरोबर दक्षिण त्रावणकोरात नागरकोइलला आल्या. त्यांनी मुलींची शाळा काढली आणि बॉबिन लेस शिकवली. लेसच्या विक्रीवर शाळा चाले. काही मुलींनी या कमाईतून गुलामीतून आपली सुटका विकत घेतली, असं मिशनच्या लिखाणात आहे. (त्रावणकोरात गुलामगिरी कायद्याने संपली १८५५ मध्ये.) मिशनला मुलींना चांगल्या गृहिणी बनवायचं होतं, हे खरंच. पण सुईदोऱ्याची चेष्टा करताना त्या मुलींची आठवण ठेवावी असं मला वाटतं. हातात पडलेले पैसे त्यांचे स्वतःचे होते. सगळा फरक तिथे होता.

आंध्रमधल्या नरसापूरची लेस क्रोशाची, म्हणजे प्रकार वेगळा. पण तिथली गोष्ट विसरता येत नाही. मारिया मीस यांचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्या साठच्या दशकात पुण्यात जर्मन शिकवत होत्या, शहाद्याच्या चळवळीवरही त्यांनी लिहिलं आहे. नरसापुरात एक बाई फुलं करायची, दुसरी जोडायची, माल परदेशी जायचा आणि व्यापार पुरुषांच्या हातात. घरकाम उरकून दिवसाचे सहा-आठ तास विणणाऱ्या या बायकांना म्हणायचं काय, तर 'रिकाम्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी'. कामगार म्हटलं की मजुरी मोजावी लागते.

आता माझी चूक. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका बचत गटाच्या भरतकामाचे दर मी ठरवले होते. नक्षीच्या प्रत्येक फुलाला दर लावला. कडा दुमडणं, टाके लपवणं, धुऊन इस्त्री करणं हे सगळं 'पीस पुरा करणं' या एका ओळीत घातलं, आणि तिथे रक्कम लिहिली नाही. गटातली एक वयस्कर मावशी एवढंच म्हणाली, "ताई, फूल एका घंट्यात होतं, बाकीच्याला दोन लागतात." मी मान हलवली. दर बदलला नाही. एमएसडब्ल्यूला असंघटित श्रमावरचा पेपर चांगल्या गुणांनी सुटला होता, त्याचा इथे काही उपयोग झाला नाही.

याबाबत मला हौशी बायकांकडून शिकायला मिळालं, हे मात्र अनपेक्षित होतं. धंदा बसल्यावर युरोप-अमेरिकेत बॉबिन लेस टिकवली ती छंद म्हणून विणणाऱ्यांनी. न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड व्हायटिंग यांनी १९२० मध्ये १४५ जाळ्यांचे आणि भरणांचे नमुने विणून, कृतीसह पुस्तकात मांडले. त्यात फुलं नाहीत, नुसत्या जाळ्या. आजही हौशी बायका ते नमुने पुन्हा विणून पाहतात. १९८२ पासून त्यांची ओयडफा ही आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. आपल्यातल्या काहीजणी याला सुखवस्तू बायकांचा विरंगुळा म्हणतील. आहेच तो. पोटासाठी विणत नसल्याने त्यांना सावकाश विणणं परवडतं. पण कुठल्या जाळीला किती जोड्या, किती पीळ, किती वेळ, याची चर्चा त्या बारकाईने करतात. दलालाने हे कधी मोजलं नाही, मिशनने नाही, आणि मीही नाही.

म्हणून मैत्रिणींनो, एक विनंती. तुमच्या गटात शिवण, भरत, गोधडी, विडी, पापड, जे काही घरबसल्या चालत असेल, त्यातलं न दिसणारं काम घड्याळ लावून मोजा. एका नगाचा हिशेब पुरे. काम करणारीलाच मोजू द्या, आपण फक्त लिहून घ्यायचं. पुढच्या अंकापर्यंत कागद आले तर दर ठरवायच्या बैठकीत ते समोर ठेवता येतील. त्या मावशींच्या गटाचा कागद मी आणते.