पट वाढतो, खोल्या वाढत नाहीत

गेल्या जूनमध्ये, शाळा उघडल्या त्याच आठवड्यात, शहराच्या वेशीवरच्या एका प्राथमिक शाळेत जाण्याचा योग आला. पंधरा वर्षांपूर्वी या शाळेच्या भोवती उसाचे फड होते. आता तिथे बारा-बारा मजली इमारती उभ्या आहेत. या इमारती बांधणारे गवंडी, त्यांची राखण करणारे पहारेकरी आणि त्यांतली धुणीभांडी करणाऱ्या बाया यांची मुले या शाळेत येतात. पहिलीचा वर्ग व्हरांड्यात बसला होता. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पट वाढला म्हणून पेढे वाटावेत, की खोल्या नाहीत म्हणून रडावं, हे तुम्हीच सांगा."

घरी आल्यावर मी घरपट्टीचे बिल काढून पाहिले. त्यात शिक्षण कराची वेगळी ओळ आहे. 1962 च्या कायद्यानुसार हा कर महापालिका वसूल करते आणि राज्याच्या तिजोरीत भरते. ज्या वस्तीतून तो गोळा होतो, तिथल्या शाळेशी त्याचे नाते तिथेच तुटते. हे दुखणे जुने आहे. शेतकऱ्याच्या घामातून लोकल फंड जमा होतो आणि त्याच्याच मुलांना शाळा मिळत नाही, हे गाऱ्हाणे महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडले होते.

आता सरकारी बाजूने एक आक्षेप हमखास येतो. राज्यातल्या अनेक शाळा ओस पडत असताना नव्या खोल्या कशाला? आक्षेप अगदीच खोटा नाही. कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करण्याचा निर्णय 2017 साली जाहीर झाला होता. पण डोंगरातल्या वाडीचा पट घटला म्हणून शहराच्या वेशीवरच्या मुलाला बसायला जागा मिळत नाही. मुले गेली तिकडे खोल्या जात नाहीत, आणि राज्याच्या सरासरीत ही दोन्ही दुखणी झाकली जातात.

दुसरी अडचण हिशेबाच्या पद्धतीची. शिक्षकांची संचमान्यता होते ती 30 सप्टेंबरच्या पटावर. म्हणजे मुले आधी यायची, मोजली जायची, मग पदे मंजूर व्हायची. खोल्यांचे प्रस्तावही पट दिसल्यावरच हलू लागतात. इमारत उभी राहीपर्यंत पहिलीतला मुलगा चौथीत गेलेला असतो. वास्तविक मुले येणार हे महापालिकेला कितीतरी आधी कळते. गृहसंकुलांचे नकाशे तीच मंजूर करते.

तिसरी अडचण जागेची. विकास आराखड्यात शाळेसाठी भूखंड राखून ठेवलेला असतो. दहा वर्षांत तो ताब्यात आला नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. संपादनाला पैसे नाहीत म्हणून आज टाळाटाळ करायची आणि उद्या भाव दुप्पट झाल्यावर हळहळायचे, असा हा व्यवहार आहे.

मग पैसा आणायचा कुठून? माझ्या मते तो वस्ती वाढते तिथेच आहे. 1992 पासून बांधकामावर विकास शुल्क आकारले जाते, ते सार्वजनिक सुविधांसाठी. नगररचना कायद्यातल्या 'सुविधा' या शब्दाच्या व्याख्येत रस्ते आणि उद्यानांबरोबर प्राथमिक व माध्यमिक शाळाही आहेत. या निधीतला ठरावीक हिस्सा त्याच प्रभागातल्या शाळेसाठी बांधून द्यावा आणि नकाशा मंजूर करतानाच खोल्यांचा हिशेब मांडावा. त्यामुळे रस्त्याचे किंवा जलवाहिनीचे एखादे काम मागे पडेल, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. शिक्षकांचे पगार या निधीतून भागणार नाहीत, तो भार राज्यानेच उचलला पाहिजे.

अडचण खरी तर वेगळीच आहे. रस्ता खचला तर गृहसंकुलातले रहिवासी नगरसेवकाला जाब विचारतात. त्यांची मुले खासगी शाळेत जातात. पालिकेच्या शाळेत ज्यांची मुले बसतात, त्यांतल्या अनेकांचे नाव इथल्या मतदारयादीतही नसते. शिक्षणहक्क कायद्याने मात्र स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर स्पष्ट शब्दांत टाकली आहे. पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकाला किमान एक खोली, हे निकष पुरे करण्याची मुदत 2013 साली संपली.

निघताना पावसाची सर आली. व्हरांड्यातली मुले सवयीने पाट्या-दप्तरे उचलून भिंतीकडे सरकली. बाईंनी धडा न थांबवता पुढे चालू ठेवला.