अंगणातला स्वर अंगणातच शोभतो

श्रावण सरत आला की घरोघरी श्रीगणरायाच्या आगमनाचे वेध लागतात. भिंतींना रंग लागतो, समया घासूनपुसून लख्ख होतात, कोकणात माटवीची तयारी सुरू होते. अलीकडे या तयारीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पडवीत अथवा अंगणात लावावयाचा स्पीकर. देवाची खोली लहान, मुंबई-पुण्याहून आलेली माणसे पुष्कळ, भजनाला येणारी मंडळी त्याहून अधिक. तेव्हा बाहेर बसलेल्यांच्या कानीही आरतीचे आणि अभंगाचे शब्द स्पष्ट पडावेत, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मात्र पूजेच्या प्रत्येक उपकरणाला जशी जागा ठरलेली असते आणि ते हाताळण्याची रीत असते, तशीच ती या नव्या उपकरणालाही असावी, एवढेच आम्हास सांगावयाचे आहे.

आपले हे व्रत ऐन पर्जन्यकाळात येते, याचा विसर पडता कामा नये. भाद्रपद शुद्ध चतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धात वा सप्टेंबरात येते, आणि त्या सुमारास कोकणात सरीवर सरी कोसळत असतात. पाणी आणि वीज यांची गाठ पडली तर सण कोणाचा आहे, हे वीज पाहत नाही. म्हणून पहिला नियम असा की, २३० व्होल्ट विजेवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर घरातच, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. बाहेर जावी ती केवळ स्पीकरची तार. मोठ्या कर्ण्यांच्या व्यवस्थेत या तारेतूनही १०० व्होल्टपर्यंत दाब खेळतो, हे ध्यानात ठेवून तीही उघडी सोडू नये. घराच्या वीजफलकावर ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक यंत्र जाणत्या वायरमनकडून बसवून घ्यावे. मखरातील दिव्यांच्या माळांपासूनही त्यामुळे घरातील लेकरांचे रक्षण होते. विजा कडाडू लागल्या की सारे बंद करून प्लग काढून ठेवावा. तेवढा वेळ टाळ-मृदंग पुरेसे आहेत.

दुसरी गोष्ट जागेची. स्पीकर पागोळीच्या आत, वाशाखाली किंवा भिंतीवर, जेथे पावसाचा थेट मारा होत नाही अशा ठिकाणी लावावा आणि त्याचे तोंड किंचित खाली झुकवावे, म्हणजे पाणी आत साचत नाही. विकत घेताना पेटीवरील ‘आयपी’ या अक्षरांपुढचे दोन अंक वाचावेत. पहिला अंक धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. पडवीच्या आडोशाला दुसरा अंक ४ असला तरी चालतो. उघड्यावर मात्र तो ५ किंवा अधिक असावा. घरात वापरावयाच्या स्पीकरमधील कागदी पडदा दमट हवेने मऊ पडतो, म्हणून बाहेरसाठी प्लॅस्टिकच्या जातीचा पडदा असलेला स्पीकर बरा. समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड लवकर गंजते. तेथे स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू वापरावेत.

तार भिंतीतून आत घेताना भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे, आणि आत शिरण्यापूर्वी तारेला खाली एक झोळ द्यावा. तारेवरून ओघळणारे पाणी त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळते, घरात येत नाही. तार पीव्हीसी नळीतून न्यावी. नळीची उघडी तोंडे बंद करावीत, नाहीतर कुंभारीण माशी त्यांत मातीचे घर करते. सांधे नुसत्या चिकटपट्टीने न गुंडाळता पाणी न शिरणाऱ्या डब्यात घ्यावेत. पुष्कळजण स्पीकरवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधून निश्चिंत होतात. परंतु तीत दमटपणा कोंडतो आणि पावसाने झाले नसते ते नुकसान पिशवीने होते.

येथवर झाला तो वस्तूच्या रक्षणाचा विचार. आमच्या मते खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. अंगणातील स्पीकरला पावसापासून जपावे लागते, तसेच शेजाऱ्याला त्या स्पीकरपासून जपावे लागते. कोणाच्या घरी तापाने फणफणलेले मूल असते, कोणाकडे अंथरुणाला खिळलेले वडीलधारे असतात, कोणी परीक्षेच्या तयारीत असते. गणेशाला आपण विघ्नहर्ता म्हणतो. त्याच्या नावाने आपणच दुसऱ्याच्या घरी विघ्न धाडावे, हे कोणत्या भक्तीत बसते?

ध्वनीचे शास्त्र येथे आपल्या मदतीला येते. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे २ मीटरवर ६६ डेसिबल असलेला आवाज ४ मीटरवर ६० आणि ८ मीटरवर ५४ होतो. एकच कर्णा माडावर उंच बांधला तर शेवटच्या माणसाला ऐकू जाण्यासाठी तो मुळातच प्रचंड आवाजात लावावा लागतो. दूरवर हाक पोहोचविणे हेच त्याचे काम. त्याऐवजी दोन-तीन लहान स्पीकर बसणाऱ्यांच्या जवळ, पागोळीखाली, तोंड अंगणाच्या जमिनीकडे करून लावले, तर मंद आवाजातही शब्द न् शब्द कळतो आणि कुंपणाशी पोहोचेपर्यंत तो पुष्कळसा विरलेला असतो. पाहा, जी जागा पावसापासून स्पीकरला वाचविते, तीच शेजाऱ्यालाही वाचविते!

कायद्याचे म्हणणेही याहून वेगळे नाही. ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० साली केलेल्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढू नये, असा दंडक आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. परंतु सवलत म्हणजे कर्तव्य नव्हे. कायद्याने मोकळीक दिली म्हणून ती शेवटच्या मिनिटापर्यंत वापरलीच पाहिजे, असे कोठे आहे?

काही भाविक म्हणतील, देवाचे नाव चार लोकांच्या कानांवर पडले तर त्यांना पुण्यच लागेल. या श्रद्धेचा आम्ही आदर करतो. पण आपल्याकडे जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत मानस जप श्रेष्ठ मानला आहे, हेही विसरता येत नाही. देवाला ऐकू जावे म्हणून आवाज चढविण्याची गरज आपल्या पूर्वजांना वाटली नाही. घंटा वाजते, शंख फुंकला जातो, टाळ घुमतात. पण ते क्षणाचे असतात, माणसाच्या हाताने आणि श्वासाने उमटतात, आणि हात थकला की थांबतात. यंत्र थकत नाही, म्हणून त्याला थांबविण्याचा विवेक आपणांस बाळगावा लागतो. शिवाय शेजारच्या घरीही गणपती असतो, तेथेही भजन रंगलेले असते. आपल्या अंगणातील कोलाहलाने त्यांच्या अभंगाचा सूर मोडला, तर आपल्या पदरी पडले ते पुण्य म्हणावे काय?

आणखी एक भीती आम्हास वाटते. ध्वनिमुद्रित आरती लावून घरची मंडळी नुसत्या टाळ्या वाजवू लागली, तर आजीच्या तोंडून नातवाकडे येणारी आरती मध्येच खुंटेल. स्पीकरने घरच्या गळ्याला साथ द्यावी, त्याची जागा घेऊ नये. दिवसभर मंद स्वरात अभंग लावावेत. आरतीच्या वेळी मात्र यंत्र बंद करून सर्वांनी मिळून म्हणावी. सूर चुकला तरी चालेल. लहानांना शब्द येईनासे झाले, तर मात्र चालणार नाही.

म्हणून सुज्ञ गृहस्थ-गृहिणींना आमची नम्र विनंती आहे की, यंदा स्पीकर लावून झाल्यावर एकदा आपल्या कुंपणाबाहेर जाऊन शेजाऱ्याच्या दारात उभे राहावे, कानोसा घ्यावा आणि त्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे, ‘काका, त्रास तर होत नाही ना?’ मग परत येऊन आवाजाची कळ योग्य तेथे आणावी. विसर्जनानंतर तारा सोडून, पुसून, कोरड्या जागी ठेवाव्यात, म्हणजे कार्तिकात तुळशीच्या लग्नाला त्या पुन्हा उपयोगी पडतील. श्रीगजानन सर्वांचे घर-अंगण आनंदाने भरो, आणि शेजारधर्म सांभाळण्याची बुद्धी आम्हा सर्वांस देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.